मीठ वरच्या फळीवर

दवाखान्यातली नर्स, जेमतेम पंचविशीची,
दंडाला पट्टा आवळून आकडा म्हणाली
आणि मग लहान मुलीला समजवावं तसं:
'दोन्या ओर्तेन्सिया, मीठ कमी. पाव कमी. चालणं जास्त.'
मी म्हटलं, बाई गं, मी वालपराइसोत राहते.
इथे चालणं म्हणजे चढणं, नाहीतर उतरणं.
सपाट असा एक समुद्र तेवढा,
आणि त्यावरून चालणारा एकच होऊन गेला.

घरी येऊन मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली.
तिथे हात पोचायला स्टूल लागतं,
आणि स्टुलावर चढायचं नाही
अशी मुलीची शपथ आहे,
अंतोफागास्ताहून, दर रविवारी, फोनवर.
(बरणी ठेवताना चढलेच होते.
तिला सांगितलेलं नाही.)

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
माझं खाल्लेलं मीठच रात्रभर जागं असायचं,
कानात धडधडत,
धक्क्याला बांधलेल्या बोटीसारखं.

पहिले आठ दिवस मसूर ओल्या पुठ्ठ्यासारखे लागले.
मग लिंबू पिळून पाहिलं. मग कोथिंबीर.
मग धुरी दिलेल्या मिरचीची पूड, नखभर.
जीभ म्हातारी असली तरी शिकते,
फक्त आधी कुरकुरते.

पावाचं जरा अवघड होतं.
बेकरीतला एवारिस्तो चाळीस वर्षं
न विचारता दोन पाव कागदात बांधतो.
नोल्बेर्तो जाऊन सहा वर्षं झाली,
पण एवारिस्तोच्या हाताला ते कोणी कळवलं नाही,
माझ्या पातेल्यालाही नाही.
मी अजून दोघांचं शिजवत होते
आणि दोघांचं जेवत होते.

मंगळवारच्या बाजारात एक छोटं पातेलं घेतलं,
एका माणसाचं.
विकणारा म्हणाला, 'नातीला खेळायला का?'
मी हो म्हटलं.
येताना ते पिशवीत एवढं हलकं लागत होतं
की दोनदा थांबून आत पाहिलं.

डोंगरावरची लिफ्ट तीन वर्षं दुरुस्तीला आहे.
पाटी मात्र दरवर्षी नवी रंगवतात.
म्हणून पायऱ्या. एकशे अठ्ठेचाळीस.
पहिल्या दिवशी एकसष्टाव्या पायरीला छाती म्हणाली, पुरे.
आणि ती पायरी नेमकी एदुविहेसच्या दाराची.

आमचं अकरा वर्षं बोलणं नाही.
कारण एक पन्हाळ होतं,
तिचं पाणी की माझी भिंत, असं काहीतरी.
नोल्बेर्तोला सगळं नीट सांगता यायचं.
मी बसले. दुसरा इलाज नव्हता.
गल्लीतलं लंगडं कुत्रं येऊन शेजारी बसलं,
जणू त्याचाही बीपी वाढला होता.
दार उघडलं. पाण्याचा पेला पायरीवर ठेवला गेला.
दार मिटलं.

दुसऱ्या दिवशी पायरीवर एक उशी होती,
उसवलेली, तिच्या सोफ्याची.
मी बसले, पण रेलले नाही.
पुढच्या आठवड्यात सत्तरापर्यंत जाता येत होतं,
तरी मी एकसष्टला थांबायची.
माझा श्वास पायरीला नाही,
दाराला चुकत होता.

तिसऱ्या आठवड्यात हवामान बिघडलं,
खाली बंदरात भोंगे वाजत राहिले,
मी दोन दिवस गेले नाही.
तिसऱ्या दिवशी दार आधीच उघडं.
'मेलीस वाटलं,' एदुविहेस म्हणाली.
अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.
मी म्हटलं, 'अजून सत्त्याऐंशी पायऱ्या बाकी आहेत.'

ती आत गेली. बशी घेऊन आली.
खारवलेले ऑलिव्ह, तिच्या भावाच्या गावचे,
इतके खारट की डोळ्यांत पाणी यावं.
डोळ्यांत पाणी आलं.
त्याचं कारण दोघींनी ऑलिव्हवर ढकललं.

मी तीन खाल्ले.
नर्सला एक सांगेन.