हरण्या

रोममध्ये दुपारचे साडेतीन वाजलेत,
सावद्यात सात.
भिंतींतून अजून दिवसभराचं ऊन बाहेर येतंय.
लॅपटॉप ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर ठेवलाय,
कारण रेंज फक्त स्वयंपाकघरात, खिडकीपाशी.
पडद्यावर अकरा चौकोन.
त्यांत बाई म्हणून मी, आणि ती एक घानाची
जिचा आवाज दर दोन वाक्यांनी तुटतो.

आजचा विषय : समितीत स्त्रियांचा सहभाग.
अध्यक्ष म्हणतात, डॉक्टर भारंबे,
टिपणं तुम्ही घ्याल ना?
मागच्या वेळी फार छान घेतली होती.

घेतली होती.
अकरा वर्षं घेतेय.
पहिल्या पत्रावर मी श्रीयुत होते,
त्यांनी चूक दुरुस्त केली
तेव्हापासून टिपणं.

केळी केंद्रात रुजू झाले तेव्हा
बायकांसाठी संडास नव्हता.
शिपाई म्हणाला, मॅडम, आजवर कोणी मागितलाच नाही.
मी सकाळपासून पाणी पीत नसे. मे महिन्यात. सावद्यात.
हरण्या रोगावरचा पहिला निबंध
त्या कोरड्या घशानं लिहिला,
त्यावर पहिलं नाव सरांचं आलं,
दुसरं सरांच्या जावयाचं,
तिसरं माझं,
आडनावात एक अक्षर कमी.

हे सगळं आज बोलायचं ठरवून बसलेय.
तीन मिनिटं मिळालीत.
साल नक्की कोणतं, ते बघायला
जुना निबंध ट्रंकेतून काढला,
शेवटचं पान उघडलं गेलं.
बारीक टाइपात :
स्थानिक मजुरांच्या सहकार्याबद्दल आभार.

हे वाक्य सरांचं नाही.
जावयाचंही नाही.
माझं आहे.

नशीबा तडवी.
पालकडच्या पाड्यावरून ट्रॅक्टरनं यायची,
डोक्याला ओला रुमाल, कमरेला विळा.
एकदा ओळीत मध्येच थांबली,
पोंग्याखालचं दुसरं पान चिमटीत धरलं,
म्हणाली, बाई, ह्या पानाचा रंग माले पटत नही.

मला काही दिसलं नाही.
मला भिंग लागतं, नमुना लागतो, पुण्याचा अहवाल लागतो.
तिनं चौदा झाडं दाखवली,
प्रत्येकाला साडीची चिंधी बांधली.
आठ दिवसांनी पानांवर पिवळट पट्टे उमटले.
तपासणीत तेरा निघाली.
चौदावं महिन्याभरानं.

त्या दिवसाची तिची मजुरी दीडशे,
शेजारी घड उचलणाऱ्या गड्याची तीनशे.
हजेरीपटावर सही कोणाची होती
हे मला आठवतं.
सही सुरेख येते माझी.

डॉक्टर भारंबे, तुमची तीन मिनिटं.

इन्व्हर्टर कण्हतोय.
मुद्द्यांचा कागद समोर आहे, लाल पेनानं लिहिलेला,
एकही मुद्दा खोटा नाही.
मी माईक सुरू करते
आणि संडासापासूनच सुरुवात करते, ते सोडत नाही,
सरांपर्यंत येते, जावयापर्यंत,
मग थांबते.
मग चौदा चिंध्या सांगते.
मग नाव.

घानाची म्हणते, पुन्हा एकदा सांगा, इथे तुटलं.
मी अक्षर अक्षर सुटं करून सांगते.
न. शी. बा.
अध्यक्ष घसा साफ करतात,
म्हणतात, हे विषयाबाहेर जातंय का?
इतिवृत्तात घ्यायलाच हवं का?

मी म्हणते,
घेतलंय.
टिपणं माझ्याकडेच आहेत.

पडदा बंद होतो. पिठाचा डबा गरम झालाय.
ट्रॅक्टरवाल्या मुकादमाला फोन लावते.
तो जेवत असावा, तोंडात घास आहे.
म्हणतो, कोनती नशीबा, मॅडम?
तीन हायेत.
एक तर गेली सुरतले.

मी सांगू लागते, ती, जी पानं
आणि लक्षात येतं,
तिचा चेहरा मला नीट आठवत नाही.
चिमटी आठवते.
नखात अडकलेला केळीचा काळा डाग.