पान एकतीस

मालाडला आमचं ऑफिस आहे तिथं
पूर्वी कचऱ्याचं मैदान होतं, असं सगळे सांगतात.
खालचा वायू अजून वर येतो म्हणे,
एसीच्या तांब्याच्या नळ्या काळ्या पडतात,
कोणीतरी येऊन बदलून जातो.
मी सातव्या मजल्यावर बसते, मराठीच्या रांगेत.
रांग माणसांची नाही.

एका पोस्टला पंचावन्न सेकंद.
ठेवा. काढा. वर पाठवा.
पहिल्या आठवड्यात एक विहीर होती, एक नवरा होता,
पुढचं सांगणार नाही, कागदावर सही केलीय.
चित्र राखाडी करून बघायचं, आवाज बंद ठेवायचा,
हे मला इनास किणीनं शिकवलं.
राखाडी केलं की रक्त डांबरासारखं दिसतं, म्हणाली,
आणि डांबराचं कुणाला काय वाटतं?
आता तिला रस्त्याचं काम चाललेलं बघवत नाही.
लांबून वळसा घालून येते.

मला शिव्या येतात, त्याचाच पगार आहे.
वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, तळकोकणातल्या,
आडनावावरून दिलेल्या,
आडनाव न घेता आडनावावरूनच दिलेल्या.
यंत्राला उघडी शिवी कळते.
‘ताई, संध्याकाळी एकटी येत जाऊ नकोस’
यातलं काही कळत नाही.

मार्चमध्ये एक पोर बोलायची,
आमच्याच बाजूची, भाटीची.
मासळी बाजारातले गाळे कोणाकोणाच्या मेव्हण्यांना गेले,
नावानिशी.
फोन टोपलीला टेकवलेला, त्यामुळे चित्र जरा कलतं,
मागं वलांडीवर बोंबील.
खाली एकानं लिहिलं:
तुला सोलून मीठ लावू, वलांडीवर टांगू,
वास सुटेस्तोवर कोण विचारत नाय.
बाराशे जणांना आवडलं.
यंत्रानं वर्ग लावला: पाककृती.

मी काढलं. कारण लिहिलं, धमकी.
तपासणारा हैदराबादला बसतो,
त्यानं भाषांतर वाचलं, मला चूक दिली,
मजकूर जागेवर परत गेला.
माझी अचूकता अठ्ठ्याण्णवची शहाण्णव झाली.
धनराज सर म्हणाले, मनावर घेऊ नकोस, धोरण वाच.
वाचलं.
धोरणात शस्त्रं होती, बारा प्रकारची.
मासे नव्हते.

पुन्हा वर पाठवलं. पुन्हा.
तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा खातंच नव्हतं.
लग्न झालं असेल. फोन पाण्यात पडला असेल.
भाटीला आमच्या नाक्यावरून एक बस जाते,
अर्धा तासही लागत नाही.
मी गेले नाही.
सहीच्या कागदावर तेही होतं,
पण कागद नसता तर गेले असते
असं छातीठोक सांगता येत नाही.

मेअखेरीस अहवाल आला.
निळा, गुळगुळीत, चव्वेचाळीस पानं.
इतके लाख काढले,
त्यातले इतके टक्के कोणी तक्रार करायच्या आत.
पॅन्ट्रीत केक कापला, त्यावरही टक्केवारी होती,
क्रीममध्ये.
मी ताटली घेऊन उभ्या उभ्या मोबाइलवर पानं सरकवत राहिले.
सापडलं, पान एकतीस:
‘चुकून काढलेला, पूर्ववत केलेला मजकूर.’
हिरवा बाण, वर जाणारा.
त्या बाणात ते मीठ आहे, ती वलांडी आहे.
सुधारणा म्हणून मोजलंय.
आणि ती?
ती कुठल्या पानावर असायला हवी होती
तेही मला ठरवता येईना.

सकाळी घरी आले तर आई मोरीत मुशी सोलत बसलेली.
किती झाले आज? तिनं विचारलं. ती रोज विचारते,
तिला वाटतं मी कसले तरी अर्ज तपासते.
चारशे दहा, म्हटलं.
बरं झालं, म्हणाली. मीठ आण गो.
मी उठले.
डबा हातात धरून ओट्यापाशी
किती सेकंद उभी होते ते
घरात कोणी मोजत नाही.