चौथ्या दिवसाची मोजणी

पाचला उठते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीवर
भट्ट्यांचा लाल उजेड अजून ढगाला चिकटलेला असतो.
चहा नंतर. आधी शास्त्र,
आईचं, पाठ सुटलेलं, रबरबँड लावलेलं.
समासात तिच्या हळदीच्या बोटांचे ठसे,
जिथं जिथं ती अडखळली तिथं.

सगुणाबाई चाळिशीत वाचायला शिकली.
एका ओळीला अख्खी सकाळ लागायची.
अकरावीत होते मी, शहाणी, चढ्या आवाजात विचारलं,
कळतं का तुला यातलं काही?
म्हणाली, "तव्याला काय भाकरीची चव कळती?
पण त्यो रोज तापल्याबिगर मपल्या घरी भाकर हुती का?"

माझं काम बियाणं तपासायचं.
ओल्या कागदावर सरकीचे पन्नास दाणे,
गुंडाळी करून उगवणपेटीत उभी.
चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची.
नोंदवहीत रकाने: सशक्त, विकृत, मेलेलं,
आणि कडेला एक अरुंद रकाना, "कठीण".
पाणी न प्यालेलं, मेलेलंही नसलेलं,
चिमटीत दाबलं तर खडा.

नवे पाळक आले की पहिल्याच भेटीत
पेरणाऱ्याचा दाखला मला हसत हसत ऐकवतात.
मीही हसते. चौघांचं ऐकून झालंय.
कुणी विचारलं नाही, बाई, तुम्ही कुठल्या रकान्यात?

आई गेली त्या वर्षी एलियानं तिची शिलाई मशीन विकली.
तीन हजारांत, मला न विचारता.
भाव म्हणे वहिनीनं ठरवला.
तेव्हापासून प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली
की मी खोकायची.
चर्चमध्ये. घरी एकटी असतानासुद्धा.
सहा वर्षं, रोज वाचन, रोज खोकला.

एस्तेरबाईंच्या ओसरीवर साक्षी ऐकल्या:
कुणाची दारू सुटली,
कुणाला एका रात्रीत हलकं वाटलं.
मला हलकं वाटलं नाही. मला झोप यायची.
जांभयांसकट वाचलं. वंशावळ्या वाचल्या,
तंबूच्या पडद्यांची मापं,
मेलेल्या राजांची नावं, त्यांच्या बापांची नावं,
आणि मनात हिशेब नळाचा:
आज आठवा दिवस, पाणी येईल का?

गेल्या मंगळवारी
वाचून झालं, डोळे मिटले,
आणि आमेनवर पोचले तेव्हा लक्षात आलं,
खोकले नाही.
ओळ मागं राहिली होती,
आपण पेंगत असताना एसटीतून
अंबडचा फाटा मागं राहतो तशी.
मुद्दाम परत म्हणून पाहिली.
घसा अडला थोडा. पण गेली.

नऊला वहिनीचा फोन. सहा वर्षांत तिसरा.
"तुमच्याकडं नळ आला का?
आमच्यात थेंब नाही, अन् हे तापानं पडलेत."
म्हटलं, आलाय. ड्रम घेऊन या.
मग म्हटलं, थांबा, मीच रिक्षात घालून पाठवते.
मशीनचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही.
निघेल कधीतरी. राग येईलही,
मला माझा राग माहीत आहे.

दुपारी एका गुंडाळीची शेवटची मोजणी होती.
कठीण रकान्यातला एक दाणा फुगलेला.
कोंब नव्हता, नुसती साल
केसभर उकललेली.
नियमानं त्याला उगवलं म्हणता येत नाही.
देवडे साहेब चष्म्यावरून बघून म्हणाले, टाका.
ते जेवायला गेल्यावर मी कागद पुन्हा भिजवला,
गुंडाळला,
पेटीच्या मागच्या कप्प्यात उभा केला.
वहीत नोंद नाही.

उद्या पुन्हा पाचला.
राजांची नावं अजून संपलेली नाहीत.