अंगठ्याच्या मुळाशी

बांगडी भरताना जिथं अडते
तिथंच, अंगठ्याच्या मुळाशी,
पोळ्याच्या आदल्या बाजारी उठलं ते.
तिळाएवढं.
मी म्हटलं, डास चावला असेल.

डास आठ महिने चावत नाही.

मेडिकलवाल्या पोरानं काउंटरपलीकडूनच पाहून ट्यूब दिली,
चार दिवस गुण, पाचव्या दिवशी दुप्पट.
नेरच्या डॉक्टरनं गजकर्ण म्हटलं.
दारव्ह्याच्यानं विचारलं, गजकर्ण कोण म्हणालं तुम्हाला?
जाऊबाईनं आधी वांगं बंद केलं, मग तूर, मग अंबाडी,
मग बंद करायला काही उरलं नाही
तेव्हा माझ्याकडं पाहत राहिली.
खरूज हा शब्द कोणी तोंडावर काढला नाही.
पाण्याचा गिलास मात्र वेगळा आला,
काठाला चेपलेला,
त्या घरात मी आधी कधी न पाहिलेला.

दुखणं असलं की लोक उशाशी बसतात.
खाजेला हसतात.

रात्री दोनला मी माठाच्या ओल्या पोटावर
दोन्ही हात टेकवून उभी राहते.
नवरा झोपेतूनच म्हणतो, "खाजवू नको वो."
"नाई खाजवत."
मग अंधारात आम्ही दोघंही ऐकतो
सरकीच्या पोत्याला उंदीर लागल्यासारखा आवाज.

माझा धंदाच असा, की दुसरीचा हात आपल्या हातात घ्यायचा.
पंजा दाबायचा, हाडं गोळा करायची,
तिला दुसऱ्याच कशावर तरी बोलतं ठेवायचं.
शुक्रवारच्या बाजारात हात पुढं येई,
माझा हात पाही,
आणि पदर सारखा करायला परत जाई.
"द्या ना बांधून, घरीच भरीन मी."
कागदात बांधून दिल्या.
अर्ध्या तर भरतानाच वाढल्या असतील.
(आम्ही कासार फुटल्या म्हणत नाही.)

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात
पाठीवर वीस चौकोन चिकटवले.
ऐन वैशाखात दोन दिवस पाठीला पाणी नाही.
सोडवून पाहिलं तर एकही चौकोन लाल नाही.
मॅडम बराच वेळ माझ्या पाठीशी उभ्या होत्या.
म्हणाल्या, "मला माहीत नाही."
मला राग नाही आला त्यांचा.
तोवर भेटलेल्या सगळ्यांना माहीत होतं.
"एक वही करा," त्या म्हणाल्या,
"हाताला दिवसभरात काय काय लागलं, लिहा."

कनकच्या भूगोलाच्या वहीत मागची पानं कोरी होती.
सोमवार. राख. पिवळा साबण. कांद्याची पात.
मंगळवार. काचेचा चुरा. शेजारची शेळी. नोटा, तीन ओल्या.
बुधवारी काही लिहिलं नाही, हात सुजला होता.
गुरुवार. कनकची वेणी.

शुक्रवारी पंचफुला आली, विटाभट्टीवरची.
भाचीचं लग्न, तिला हिरवा चुडा पाहिजे.
मी कागद घेतला बांधायला.
"कागद कायले?"
मी हात दाखवला.
तिनं आपला उलटा करून माझ्यासमोर धरला,
चिखलानं खाल्लेला, बोटागणिक भेग.
"मायावाला पाय आंधी. यापुढं तुया हात लोनी हाय बाप्पा.
भर."

तिची हाडं गोळा होईनात.
साबणाचं पाणी लावलं. ते तिला झोंबलं, मलाही.
एकीच्याही तोंडून हूं नाही.
भट्टीवरच्या कुत्रीला झालेल्या पिलांचं ती सांगत होती,
म्हणजे बोलतं मलाच ठेवत होती.
बारा भरल्या.
एकही वाढली नाही.

सोमवारी वही न्यायची आहे.
मॅडम एकेका नावावर बोट ठेवतील,
हे बंद करून पाहू, हे बंद करून पाहू.
सगळं पेनानं लिहिलंय मी,
राख, साबण, शेळी सुद्धा.
फक्त शुक्रवार पेन्सिलनं.

कनकचं खोडरबर उशाशी घेऊन झोपते.
झोपते कसली.