दोन्ही तोंडं बंद

जुन्या हेडफोनचं कातडं, जे कातडं नव्हतंच,
दोन पावसाळ्यांत खपल्या धरून गळायला लागलं.
सावईवेऱ्याहून परतताना बसमध्ये
शेजारची बाई म्हणाली, गालाला काजळ लागलंय तुमच्या.
काजळ कसलं.

मडगावात, जुन्या बाजाराच्या मागे,
एव्हारिस्त कुलासोचं दुकान.
एकेकाळी जहाजावर बेस गिटार वाजवायचा,
आता सोल्डरिंगच्या धुरात डोळे बारीक करून बसतो.
उघड्या पाठीचा नको, मी म्हटलं.
त्यातून आवाज झिरपतो, आणि माझा माईक
हातभरच लांब असतो;
घुमटाबरोबर घुमटाचं भूतही फाइलीत चढतं.

त्याने तीन काढून काउंटरवर ठेवले,
बांगडे मांडावेत तसे.
"गाणं नको लावूस, बाय. तुला पाठ असलेलं काहीतरी लाव."
मी पुरसो गावड्याची आरती लावली,
तीन वर्षांपूर्वीच्या चवथीची.

पहिल्यात पुरसोचं घुमट
रांजणाएवढं झालं. छाती हादरली.
मी खूश. एव्हारिस्त नाही.
"फट मारता तो," म्हणाला,
"लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. दोन दिवस गोड."

दुसरा चांगला होता. खरंच चांगला.
पण चष्म्याच्या काड्या त्याने कानामागे रुतवल्या,
कुड्या काढून तळहातावर घेतल्या तरी
पंधराव्या मिनिटाला जबडा ठणकायला लागला.
आणि बिजागरी प्लास्टिकची, चिकटवलेली.
एव्हारिस्तने तिच्यावर नखाने टकटक केली,
बोलला काहीच नाही.
इथल्या हवेत मीठ आहे. इथे सायकलींच्या घंटासुद्धा
वाजण्याआधी खोकतात.

तिसरा कुरूप. करडा, जाड,
शाळेतल्या डब्यासारखा.
चार स्क्रू, उघड दिसणारे. वायर निघते. उशा बदलतात,
पुढल्या वर्षीही मिळतील, असं त्याने
बिलाच्या पाठीवर लिहून दिलं, खाली सही.
घातला, आणि दारातला पोदेर
आपला भोंगा घेऊन
गल्लीच्या पलीकडे कुठेतरी पाव विकायला गेला.
पुरसोचं घुमट घुमटाएवढंच राहिलं.
मातीच्या काठावर त्याच्या अंगठीची टिकटिक.
मागे कुणीतरी सुपारी कातरतंय.
आणि आणखी एक काहीतरी,
अगदी जवळ, प्रत्येक समेच्या आधी:
श्वास. नाकातून. थोडा घाईचा.
"हे कोण?" मी विचारलं.
एव्हारिस्तने एक कप स्वतःच्या कानाशी ओढला,
ऐकलं, माझ्याकडे बघितलं.
"तूच."

आठ वर्षं. दोनशे दहा फाइली.
सगळ्यांत मी, सम यायच्या आधी
दम घेऊन बसलेली,
जणू माझ्याशिवाय ती यायचीच नाही.

सहा हजार आठशे. पाचशे त्याने सोडले,
बहुतेक माझा चेहरा बघून.

चवथीच्या आधीच्या रविवारी
तो पुरसोच्या डोक्यावर चढवला.
ऐकता ऐकता पुरसो ओरडायला लागला,
"बरें आयकूं येता!"
सभामंडपातली पोरं हसून लोळली.
मग काढून उलटासुलटा केला, कपावर टिचकी मारली.
"ह्याची दोन्ही तोंडं बंद.
घुमटाला एक उघडं लागतं, बाय,
नाहीतर डाव्या हाताने करायचं काय?"
आणि बसला वाजवायला,
डावा तळवा त्या अरुंद तोंडावर
झाकत, उघडत, अर्धा झाकत.

मी माईक आणखी वीतभर मागे सरकवला.
बटण दाबलं. उजवा कान आत.
डावा कप जरासा मागे, कानशिलावर.
थोडं झिरपेल. झिरपू दे.
या वेळी समेला दम धरला नाही.
किंवा धरलाही असेल.
घरी जाऊन ऐकेन.