साखळी क्रमांक १४/६२०

राखटेकला माती दोन.
काळी पेरायची, पांढरी राहायची.
हे कुणी शिकवत नाही. गिरणेच्या काठी
पोर चालू लागलं की पायांनाच कळतं.

माझ्या नकाशात एकच माती होती.
लाल पेन्सिलीची रेघ बायपासची,
तिच्या पोटात टेकाड, "भरावासाठी उपयुक्त".
शब्द माझेच. सर्व्हेही माझाच,
डोक्याला ओला रुमाल बांधून केलेला.
पायाखाली कुरकुरणाऱ्या खापऱ्यांना
मी लिहिलं, मुरूममिश्रित.

पहिले दोनशे अकरा डंपर काही बोलले नाहीत.
केळीवाले यायचे. साहेब, दोन खेपा
आमच्या बागेत टाका, राखेची माती,
घड वजनदार येतो.
ठुमाबाई घमेल्यातून मणी वेचायची
नातीच्या गळ्यासाठी,
लाल, मुगाएवढे, आरपार भोकाचे.
एवढं बारीक भोक पाडलं कशानं?
तिनं विचारलं तेव्हा
मी डिझेलचा हिशोब करत होतो.

बाराव्या दिवशी कडा उभी कापली गेली
आणि उन्हं तिरपी झाल्यावर दिसलं,
राख, माती, राख, सारवण, राख,
जशी जुनी गोधडी कडेनं उसवावी
आणि आत आधीच्या गोधड्या निघाव्यात.

सारवणाखाली दोन मडकी,
आडवी, तोंडाला तोंड लावून.
बकेटच्या दातानं एकाची कड उडालेली.
आत हाडं. बोटांची असावीत.
ज्वारीच्या कण्या सांडल्यासारखी.

सुपडूनं इंजिन बंद केलं.
सहा वर्षं ओळखतो मी त्याला,
डोंगर फोडतानाही तोंडातली बिडी विझू न देणारा.
"आठे कोनी तरी झोपेल शे," म्हणाला.
"मी दात लावाव नही."

ठेकेदाराचा फोन : रात्रीतून लेव्हल मारून घ्या.
मी सुपडूकडं पाहिलं.
तो मला स्वतःचं नाव समजावून सांगू लागला.
आधीची दोन राहिली नाहीत,
म्हणून तिसऱ्याला आईनं सुपात घातलं,
उकिरड्यापर्यंत नेलं, ठेवलं,
शेजारणीनं उचलून परत आणलं.
मरणाला वाटावं, हे तर टाकलेलंच पोर,
याला काय न्यायचं.
"त्या दोन्ही घरमाच शेतस," म्हणाला, "चुल्हाना मांगे.
माय म्हने, बाहेर थंडी लागी."

त्या संध्याकाळी मी साइट डायरीत लिहिलं :
यंत्र नादुरुस्त. हायड्रॉलिक पाइप फुटला. काम बंद.
मग फोटो, ग्रामपंचायतीचं पत्र, तहसीलदार,
पुरातत्त्व खातं, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र.

शेवटी बागूल मॅडम आल्या,
पोरसवदा, ब्रश, दोरी आणि आइस्क्रीमचा चमचा घेऊन.
एकोणीस दिवस मिळाले त्यांना. तेवढेच.
मडकी भोवतालच्या मातीसकट उचलली
सुपडूच्याच बकेटमध्ये, खाली केळीची पानं.
पोकलेनचा हात इतका हळू खाली येताना
मी कधी पाहिला नव्हता.
ठुमाबाईनं मणी आणून दिले. सगळे नाही.

रस्ता वळला नाही.
टेकाडाचा पश्चिमेचा तुकडा उरला,
तारेच्या कुंपणात. शेळ्या आत जातात.
बाकीचं तेराव्या किलोमीटरच्या भरावात आहे,
वर डांबर, वर पांढरा पट्टा.
तिथं माझी गाडी आपोआप हळू होते
आणि मागचा हॉर्न वाजवतो.

मार्चमध्ये ऑडिट आलं.
पाइपचं बिल कुठे? जुना पाइप
भांडारात जमा का नाही?
दुसऱ्या दिवशी सुपडूनं
काखेतून आणून टेबलावर ठेवला.
ऑडिटरनं चष्मा वर सारून त्याचं तोंड न्याहाळलं,
अंगठा फिरवला गोल.
हा फुटलेला नाही, म्हणाला.
करवतीनं कापलाय.

सुपडू पंख्याकडं बघत होता.