वाहनस्वामी

बाबांच्या फोनला अजून चार्जर लावते मी,
बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो म्हणून.
त्यावर तीन संदेश येऊन पडले होते,
कुणी उघडले नव्हते.
मग टपालानं कागद आला, शिक्क्यासकट:
वाहनस्वामी श्री मुकुंद रघुनाथ निरखे,
सुदामानगर, इंदूर,
आपले वाहन सुपर कॉरिडॉरवर
अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव
आणि एकदा एकशे चारच्या वेगाने आढळले.
न्यायालयात हजर राहावे.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं.
हयातीत काटा चाळीसवर गेला
की काच खाली करून ऐकायचे,
इंजिन कुरकुरतंय का.
रीगलला हिरवा लागला तरी
दोन्हीकडे बघून मग पहिला गियर.
मागून कुणीतरी ओरडायचं,
"अंकल, रात यहीं काटोगे क्या?"
बाबा आरशातूनच हात जोडायचे.

फोटोत नंबरप्लेट स्वच्छ आहे,
काचेवर नुसती चकाकी.
कॅमेऱ्याला कळतं ते इतकंच:
गाडी कुणाची.

कोर्टाच्या आवारात सोलंकी वकिलांचं टेबल,
एक पाय विटेवर.
शेव झटकून त्यांनी कागद वाचला
आणि चक्क हसले.
"सोपं आहे, दीदी. मृत्यूचा दाखला जोडा.
मेलेल्या माणसावर केस चालत नाही.
दंड नाही, लायसन्सला धक्का नाही,
पुढची पेशीसुद्धा नाही."
मी म्हटलं, पण गाडी कोण चालवत होतं?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"ते तुम्हाला कुणी विचारलंय का?"

नव्हतं विचारलं.
कुणी विचारलं असतं तर कारण तरी शोधलं असतं.
त्या रात्री दवाखान्यात कुणी नव्हतं,
विमान गाठायचं नव्हतं.
रस्ता रुंद होता, दिवे पिवळे होते,
बोगनवेल भरभर मागे जात होती.
पाय दाबला. बरं वाटलं.
तिसऱ्या वेळी, एकशे चारला,
मी मोठ्यानं काहीतरी म्हणालेही,
काय ते आठवत नाही.
दुभाजकाच्या फटीतून एक सायकलवाला निघू पाहत होता,
थांबला, एक पाय जमिनीवर टेकून.
त्याचा चेहरा मात्र आठवतो.

दाखला पिशवीतच होता, लॅमिनेट केलेला.
गॅस, वीज, पेन्शन, लॉकर,
दीड वर्ष तोच दाखवत फिरले,
कोपरे सुटत आलेत त्याचे.
गाडीच तेवढी नावावर करायची राहिली,
आरटीओची रांग मोठी असते,
असं मी सांगते लोकांना.
आणखी एकदा दाखवला असता
तर प्रकरण मिटलं असतं.
एकशे चार मात्र
त्यांच्याच नावापुढे राहिला असता,
चाळीसवाल्या माणसाच्या.

सोलंकींनी खांदे उडवले, फी तीच घेतली.
अर्जावर दोन रकाने होते:
स्वामी, चालक.
पहिल्यात बाबांचं नाव, कैलासवासी लावून.
दुसऱ्यात वृंदा मुकुंद निरखे.
एका कागदावर आम्ही दोघं असे
प्रगतिपुस्तकानंतर आत्ताच,
विद्यार्थिनी, पालक.
तेव्हाही गणितात लाल रेघ असली
की सही करायला ते फार वेळ लावत.

दंड भरला तिन्हींचा.
गाडी नावावर न केल्याबद्दल निराळा.
चौरसियाबाबूंनी लायसन्स पाकिटात सरकवलं,
तीन महिन्यांसाठी,
स्टेपलर अडकला, त्यावर बुक्की मारली,
आणि सहज विचारलं,
"मॅडम, इथवर आलात कशा?"

गाडी बाहेर उभी होती, कडुलिंबाखाली,
काचेवर पानं पडत होती.
शेजारच्या तन्मयला बोलावलं. तो येईपर्यंत
डावीकडच्या सीटवर बसून राहिले,
बऱ्याच वर्षांनी.
पिशवीत बाबांचा फोन थरथरला:
श्री मुकुंद निरखे, आपला दंड जमा झाला.
वाहन सावकाश चालवा.